थंडीतला ब्रॉयलर: पडदे कधी, ऊब किती आणि हवा कुठून

प्रश्न थोडक्यात असा: शेड बाजूंनी उघडं, जाळीचं. ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची, बॅच २४ दिवसांची. आठवडाभर रात्रीचा पारा ८ ते १० अंशांवर उतरतोय. पडदे चारी बाजूंनी वरपासून खालपर्यंत घट्ट बांधले, रात्रभर दिवे चालू ठेवले, तरी पक्षी ढीग करून बसतात. सकाळी आत गेलं की डोळे चुरचुरतात, रात्री घरघर ऐकू येते, रोज काही पक्षी पोट फुगून मरतात, आणि खाद्य जास्त जाऊनही वजन येत नाही. ऊब आणखी कशी वाढवावी?

ऊब नंतर बघू. आधी पडदे वरून सोडा. दोन्ही लांब बाजूंना, छताच्या खाली वीतभर ते फूटभर, आणि हे आज रात्रीच करा. उलटं वाटेल, पण तुम्ही सांगितलेली बहुतेक लक्षणं गारठ्याची नाहीत, कोंडलेल्या ओल्या हवेची आहेत. पोटात पाणी होण्याचं मूळ मात्र बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत आहे. तेव्हा पिल्लू खरोखरच ऊब मागत होतं आणि रात्री ती कमी पडली असणार. म्हणजे जेव्हा ऊब हवी होती तेव्हा ती अपुरी मिळाली, आणि आता हवा हवी आहे तर ती बंद केली आहे. थंडीतल्या बहुतेक बिघडलेल्या बॅचची कथा याच दोन टोकांची असते.

आता तुमच्या पक्ष्याचा हिशेब मांडू. २४ दिवसांचा ब्रॉयलर सव्वा किलोच्या आसपास असतो, अंगावर पिसं आलेली असतात, आणि तो स्वतःच दहा-बारा वॅट उष्णता बाहेर टाकतो. हजार पक्ष्यांमागे दहा किलोवॅटहून मोठा हीटर अहोरात्र चालू आहे असं समजा. या वयाला शेडमध्ये उष्णतेची टंचाई नसते, उष्णता टिकवायची असते. पण तेच हजार पक्षी दिवसाला साधारण दोनशे लिटर पाणी पितात. त्यातलं थोडं अंगी लागतं. बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून पुन्हा शेडमध्येच येतं. ते रोज बाहेर गेलं पाहिजे. पडदे घट्ट बांधले की ते पत्र्याला लागतं, पहाटे पत्र्याला घाम फुटतो, थेंब खाली टपकतात, लिटर (म्हणजे जमिनीवर अंथरलेला तुसाचा किंवा भुशाचा थर) ओलं होतं आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो.

आणि इथेच गोची आहे. ओलं लिटर गार असतं. पक्षी त्यावर बसला की पोटाखालचं पाणी सुकताना त्याच्याच अंगातली उष्णता ओढून घेतं. छातीची पिसं ओली आणि चिकट झाली की त्यांची ऊब धरायची ताकद जाते. मग पक्षी ढीग करतो, तुम्हाला वाटतं गारठलाय, तुम्ही पडदा आणखी आवळता. पक्षी गारठलाय हे खरंच, पण तो तुमच्या बंद शेडने गारठलाय.

बाहेरची हवा थंड आहे, ती आत घेतली तर ओल वाढणार नाही का, ही शंका नेहमी येते. नाही वाढत. दहा अंशांची हवा दवाने भरलेली असली तरी तिच्यात प्रत्यक्ष पाणी थोडंच असतं. तीच हवा आत येऊन वीस-एकवीस अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्मी होते, आणि मग ती शेडमधली ओल शोषून बाहेर घेऊन जाते. अट एकच: ती पक्ष्यांच्या अंगावर पडण्याआधी वर तापली पाहिजे. म्हणून वरून सोडायचं, खालून नाही.

तुमचे पडदे वर गुंडाळले जाणारे आणि खालून उघडणारे असतील तर ते थंडीत उपयोगाचे नाहीत. पडदा खालच्या कट्ट्याला पक्का बांधलेला असावा आणि दोरी सोडली की वरून खाली उतरावा. फटीतून आलेली थंड हवा छताखालच्या गरम हवेत मिसळते आणि मग सावकाश खाली येते. खालून आलेली हवा सरळ पक्ष्याच्या पोटाला लागते. कट्ट्याजवळ पडद्याची कड हलत असेल तर तिथे पोत्यात भुसा भरून दाबा. वारा ज्या बाजूने येतो तिकडे फट कमी ठेवा, उलट बाजूला जास्त. दरवाज्याखालची सहा इंचांची फट लोक विसरतात, आणि नेमके त्याच कोपऱ्यातले पक्षी लहान राहतात. शंका असेल तिथे पेटवलेली उदबत्ती पक्ष्याच्या उंचीला धरून बसा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथे झोत आहे. लहान पिल्लांच्या उंचीला वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरच्या आत हवा, म्हणजे धूर जेमतेम डुलावा इतकाच.

पंखे असतील तर तासभर चालवून तासभर बंद असं करू नका. दर पाच मिनिटांत अर्धा-एक मिनिट असं टायमरवर लावा. एकूण हवा तेवढीच जाते, पण तापमान खालीवर होत नाही.

अमोनियाबद्दल एक सांगतो. तुमच्या नाकावर फार भरवसा ठेवू नका. दिवसभर शेडमध्ये असलेल्या माणसाला काही मिनिटांत वास येईनासा होतो. बाहेर मोकळ्या हवेत थांबा, मग आत येऊन लगेच उकिडवे बसा, नाक पक्ष्याच्या उंचीला न्या. उभ्याने घेतलेला वास हा माणसाच्या उंचीचा, पक्षी त्याच्या चार फूट खाली जगतो. डोळे चुरचुरतात म्हणजे प्रमाण २०-२५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग) पुढे गेलेलं असतं, आणि हवं असतं १० च्या आत. या प्रमाणाला श्वासनलिकेतली बारीक केसाळ झालर निकामी होते. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम तिचं. ती गेली की ई. कोलाय हा जंतू फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत सहज उतरतो. तुमची रात्रीची घरघर बहुधा तिथून आली आहे.

लिटरकडे उद्या दुपारी वळा. मूठभर लिटर घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. गोळा बनून लगेच फुटला तर बरोबर, ओल साधारण २० ते २५ टक्के. गोळाच झाला नाही तर जास्त कोरडं, त्याची धूळ उडेल. पाण्याच्या भांड्यांखाली आणि भिंतीलगत जी पापडी धरली आहे ती उचलून बाहेर टाका, उलथून आत गाडू नका. त्या जागी कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा घाला. बाकीचं लिटर हलवायचं ते ऊन असताना आणि पडदे अर्धे सोडून, कारण हलवताना अडकलेला अमोनिया एकदम सुटतो. संध्याकाळी पडदे लावून मग लिटर हलवणारे लोक मी पाहिले आहेत. तो वास पक्षी रात्रभर घेतात.

बरेच जण अशा वेळी लिटरवर चुना मारतात. पक्षी आत असताना मारू नका. चुन्याने लिटर थोडं सुकतं, पण त्याचा आम्लपणा कमी होतो, आणि आम्लपणा कमी झाला की अमोनिया उलट जास्त सुटतो. काही मारायचंच असेल तर लिटर आम्लधर्मी करणारं हवं: तुरटी किंवा सोडियम बायसल्फेट. पण गळकं भांडं तसंच ठेवून वरून पावडर मारण्यात अर्थ नाही. बेल ड्रिंकरची (घंटेच्या आकाराचं टांगतं पाण्याचं भांडं) कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी. निपल (चोच लावली की पाणी सोडणाऱ्या नळीवरच्या तोट्या) असतील तर पक्ष्याने मान वर करून प्यावं इतक्या उंचीला, आणि दाब कमी ठेवा.

रात्रभर दिवे चालू ठेवले असं तुम्ही लिहिलंय. ते दिवे पिवळे बल्ब आहेत की एलईडी? एलईडीने उजेड मिळतो, ऊब जवळजवळ नाही. जुन्या बल्बांच्या हिशेबावर चालणाऱ्या अनेक शेडांत दिवे बदलले गेले आणि ऊब गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यातून चोवीस तास उजेड म्हणजे पक्षी सतत खातो, सतत वाढतो, आणि पोटात पाणी होण्याचा धोका वाढतो. पहिला आठवडा २३ तास उजेड ठीक. त्यानंतर किमान चार तास सलग अंधार हवाच. मी स्वतः अंधार रात्रीच्या पहिल्या टप्प्यात ठेवतो आणि पहाटेच्या आधी दिवे लावतो, म्हणजे सगळ्यात गार वेळेला पक्षी उठून खातो. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते, ती नेमकी तेव्हा मिळते.

आता पोटातल्या पाण्याकडे, कारण मर तिथे आहे. मेलेला पक्षी उघडून पाहिलात का? पोटात पिवळसर पातळ पाणी, कधी त्यात जेलीसारखे गोळे, हृदय पसरट आणि त्याची उजवी बाजू सैल फुगलेली असेल तर तो जलोदर. हृदयावर आणि यकृतावर पांढरट पापुद्रा असेल तर तो ई. कोलायचा संसर्ग. दोन्ही एकाच पक्ष्यात सापडू शकतं, आणि तुमच्याकडे तसंच असण्याची शक्यता जास्त. पक्षी स्वतः फाडलात तर हातमोजे घाला आणि शेडपासून लांब फाडा. पशुवैद्याकडे नेणं जास्त चांगलं, आणि नुकताच मेलेला न्या. सकाळी सापडलेला, फुगलेला पक्षी नेऊन काही कळत नाही.

जलोदर का होतो? ब्रॉयलरचं मांस जितक्या वेगाने वाढतं तितक्या वेगाने त्याचं हृदय आणि फुप्फुस वाढत नाही. थंडी लागली की अंग गरम ठेवायला त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. हृदय फुप्फुसात जास्त रक्त ढकलतं, पण तिथल्या रक्तवाहिन्या फार ताणत नाहीत. दाब वाढतो, उजवी बाजू थकते, रक्त मागे तुंबतं आणि यकृतातून पाणी पोटात झिरपतं. हे एका रात्रीत होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांतला गारठा चौथ्या-पाचव्या आठवड्यात मर होऊन दिसतो. म्हणून मर सुरू झाल्यावर धावपळ करून ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं उपकरण) लावणारा माणूस दोन आठवडे उशिरा आलेला असतो. नर पक्ष्यांत आणि उंचावरच्या विरळ हवेत हे प्रमाण जास्त. बंद शेडमधला अमोनिया आणि कर्ब वायू यात भर घालतात, आणि तुमच्या हातात आता उरलंय ते एवढंच कमी करणं.

या बॅचसाठी वाढीचा वेग थोडा आवरता आला तर बघा. पेलेटऐवजी (दाबून केलेल्या गोळ्या) काही दिवस मॅश (भरड खाद्य) दिलं तरी खाणं जरा मंदावतं. पोट फुगून निळसर तुऱ्याने धापा टाकणारे पक्षी बरे होत नाहीत. त्यांना वेगळं काढा, खाद्य आणि औषध त्यांच्यावर घालवू नका.

घरघरीसाठी औषध द्यायची घाई होईल. आधी हवा सुधारा आणि दोन रात्री बघा. निव्वळ अमोनियाची घरघर यातच बरीच उतरते. उतरली नाही, तर पशुवैद्याने सांगितलेलं औषध द्या. पण त्याला तुमच्या खाद्यातलं कॉक्सिडिओसिसचं (आतड्याचा परजीवी रोग) औषध कोणतं ते आधी सांगा. खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नारासिन असताना पाण्यातून टायम्युलिन हे प्रतिजैविक दिलं गेलं तर पक्षी पाय पसरून बसतात आणि मोठी मर होते. थंडीत श्वासाच्या तक्रारी वाढतात, टायम्युलिन हाताशी असतं, आणि खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी कुणी वाचत नाही. वाचा. आणखी एक: थंडीत पक्षी पाणी कमी पितो. औषधाचा डोस उन्हाळ्यातल्या पाण्याच्या अंदाजावर काढला तर तो अर्धवट पोटात जातो. कालचं प्रत्यक्ष पाणी मोजून डोस काढा. विक्रीआधी औषध बंद ठेवायचे जे दिवस बाटलीवर लिहिलेत ते पाळा.

आता पुढच्या बॅचकडे, कारण खरा फरक तिथे पडेल.

पिल्लाला पहिले बारा-चौदा दिवस स्वतःचं तापमान धड सांभाळता येत नाही. बाहेर जे असेल तिकडे त्याचं अंग झुकतं. गारठलेलं पिल्लू खात नाही, पीत नाही, पोटातला बलक नीट शोषला जात नाही, नाभी पिकते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मर लागते. लोक हॅचरीला, म्हणजे अंडी उबवणाऱ्या केंद्राला, दोष देतात. काही वेळा तो खरा असतो, पण आधी आपल्या शेडची जमीन तपासा.

जमीन म्हणतो, हवा नाही. पिल्लू जमिनीवर बसतं, त्याची ऊब पायातून आणि पोटातून जाते. पिल्लं यायच्या तासभर आधी ब्रूडर लावला तर हवा गरम होते, सिमेंट तसंच थंड राहतं आणि लिटरमधून ऊब ओढत राहतं. थंडीत किमान २४ तास, कडाक्याच्या थंडीत ४८ तास आधी ब्रूडर चालू करा. पिल्लं सोडताना लिटरचं तापमान २८ ते ३० अंश आणि ब्रूडरच्या कडेला हवेचं ३२ ते ३४ हवं. लेझरचा तापमापक मिळाला तर उत्तम. नाही तर लिटर बाजूला करून खालच्या फरशीला हाताची पालथी बाजू लावा. गार लागली तर अजून वेळ द्या. तापमापक खांबावर छातीइतक्या उंचीला टांगू नका, तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, लिटरपासून दोन इंचांवर हवा. खांबावर ३२ दाखवतो तेव्हा खाली २६ असू शकतं.

लिटर उन्हाळ्यात दोन इंच पुरतं, थंडीत तीन-चार इंच घाला. अख्खं शेड तापवायच्या भानगडीत पडू नका. एक तृतीयांश भाग आडव्या पडद्याने तोडा, त्यावर सहा-सात फुटांवर कापडाचं किंवा पोत्यांचं खोटं छत बांधा. तापवायची जागा निम्म्याहून कमी होते. छत आणि पडदा यांच्यात फट ठेवा, नाही तर तिथेही तेच कोंडणं सुरू होईल. चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं गोल कुंपण, दीड फूट उंचीचा, ब्रूडरच्या कडेपासून दोन-अडीच फुटांवर, म्हणजे पिल्लाला जवळ किंवा लांब जायची मोकळीक राहते. रोज थोडा वाढवत न्या, आठ-दहा दिवसांनी काढून टाका. कोपरे ठेवू नका, पिल्लं कोपऱ्यात घुसून एकमेकांखाली गुदमरतात.

बल्बचा ब्रूडर असेल तर पिल्लामागे दोन वॅट हा नेहमीचा हिशेब, पण उघड्या शेडमध्ये कडाक्याच्या थंडीत तो पुरत नाही. गॅसचा ब्रूडर चांगला, फक्त एक लक्षात ठेवा: एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन शेडमध्ये येतं. गॅस जितका जास्त, तितकी हवा बदलण्याची गरज जास्त. कोळशाची शेगडी किंवा भुशाची बुखारी वापरत असाल तर धूर नळीतून शेडबाहेर गेलाच पाहिजे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो पिल्लं मारतो आणि शेडमध्ये झोपलेल्या माणसालाही मारतो. बंद पडद्यांच्या शेडमध्ये शेगडी पेटवून कुणालाही झोपू देऊ नका. आत गेल्यावर डोकं जड होणं ही शेवटची सूचना समजा आणि आधी बाहेर या. बल्ब आणि ब्रूडर दोरीने नाही, साखळीने टांगा. कोरड्या तुसावर पडलेला बल्ब शेड जाळतो.

पिल्लं आल्यावर पेट्या झोतात ठेवू नका. पिण्याचं पाणी आधीच आत ठेवून कोमट झालेलं असावं. पहिले दोन-तीन दिवस लिटरवर कागद अंथरून त्यावर खाद्य टाका. मग बघत बसा. यंत्र काहीही सांगो, पिल्लू खरं सांगतं. ब्रूडरखाली गच्च गोळा आणि कर्कश चिवचिव म्हणजे गार. कडेला पसरून चोची उघड्या, पंख सैल म्हणजे गरम. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय. सारखी पसरलेली, काही खाताहेत, काही झोपलीत, मंद कुजबुज आहे, मग काही करू नका. पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर लिटर थंड आहे. कानाचा तापमापक गुदद्वाराला धरला तर ३९.४ ते ४०.५ अंश यायला हवं.

दुसऱ्या दिवशी, २४ तास झाल्यावर, वेगवेगळ्या जागची तीस-चाळीस पिल्लं उचला आणि गळ्याची पिशवी चिमटीत हळूच धरून बघा. मऊ, भरलेली, आत खाद्य आणि पाणी दोन्ही लागलं तर छान. ९५ टक्क्यांहून जास्त पिल्लांची तशी हवी. कडक लागली तर खाद्य गेलं, पाणी नाही. रिकामी असेल तर ऊब, उजेड किंवा भांड्यांचं अंतर, यातलं काहीतरी चुकलंय आणि ते त्याच दिवशी दुरुस्त होतं. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या चार ते साडेचार पट असेल तर थंडी निभावली असं समजा.

तापमान आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवत न्या, चौथ्या आठवड्यात २१-२२ वर. बहुतेक जण दहाव्या-बाराव्या दिवशी ब्रूडर बंद करतात, कारण दुपारी पिल्लं लांब पळताना दिसतात. दुपारी बंद करा, रात्री लावा. सगळ्यात गार वेळ पहाटे तीन ते सहा, आणि तेव्हाच राखणारा माणूस झोपलेला असतो. कमाल-किमान तापमापक ठेवलात तर सकाळी रात्रीचा आकडा कळतो. तो नोंदवहीत लिहा. पाचव्या आठवड्यातला पक्षी १८ अंशांना मजेत असतो, पण दिवसा २८ आणि रात्री १४ हा झोका त्याला सोसत नाही. पडदे संध्याकाळी पारा उतरायच्या आधी लावायचे, पक्षी गोळा झाल्यावर नाही. सकाळी उन्हाच्या बाजूने आधी, थोडे थोडे उघडायचे.

लस देताना थंडीत जास्त जपावं लागतं. लासोटासारख्या (राणीखेत रोगाची लस) जिवंत लसीनंतर दोन-तीन दिवस पक्षी शिंकतात. तेवढे दिवस तापमान एक-दोन अंशांनी जास्त ठेवा, लिटर हलवू नका. पाण्यातून लस देणार असाल तर पक्षी कमी पितात हे धरून पाणी कमी घ्या, नाही तर लस भांड्यातच मरते.

खाद्याचं थोडक्यात. गारठ्यात पक्षी ऊब तयार करायला जास्त खातो, म्हणून एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारं खाद्य) बिघडतो. त्याला जास्त ऊर्जा हवी असते, जास्त प्रथिन नाही. प्रथिन वाढवलं तर विष्ठेतून नत्र जास्त जातो आणि अमोनिया वाढतो. खाद्यात थोडं तेल वाढवणं ठीक, पण जलोदराची मर चालू असताना ते करू नका, वाढ आणखी पळेल. पोती भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतात आणि बुरशी येते.

टाकीतलं पाणी रात्रीत बर्फासारखं होतं आणि पक्षी सकाळी त्याला तोंड लावत नाही. पाणी कमी गेलं की खाणंही कमी. नळीत रात्रभर थांबलेलं पाणी सकाळी सोडून द्या, ताजं भरा, टाकी पोत्याने झाका. १८ ते २१ अंशांचं पाणी पक्षी आवडीने पितो.

थंडीत पक्षी एकमेकांना ऊब देतात म्हणून जास्त पिल्लं टाकायची, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऊब देतात, पाणीही देतात. वर मांडलेला दोनशे लिटरचा हिशेब आठवा आणि संख्या वाढवू नका.

राहता राहिली ही बॅच. पडदे वरून सोडल्यावर, लिटर बदलल्यावर आणि अंधार दिल्यावर तीन-चार दिवसांत घरघर आणि वास उतरायला हवा. जलोदराची मर लगेच थांबणार नाही, कारण ज्यांचं हृदय थकलंय ते पक्षी अजून कळपात आहेत. रोजची मर लिहा आणि पन्नास-साठ पक्षी दर तिसऱ्या दिवशी वजन करा. मर उतरत असेल तर नेहमीच्या वजनापर्यंत थांबा. पण मर तशीच राहिली आणि वजनाची वाढ मंदावली, तर राहिलेलं वजन भरून काढायला बॅच आठवडाभर जास्त ठेवू नका. पक्षी जितका जड होईल तितका हृदयावरचा ताण वाढतो आणि मरणारा पक्षी तेव्हा सगळ्यात जास्त खाद्य खाऊन मेलेला असतो. थोडं हलकं वजन आणि चार दिवस आधी विक्री यात नुकसान कमी. पकडताना सकाळचं धुकं टाळा, पक्षी कोरडे असू द्या, आणि गाडीला पुढून व बाजूने ताडपत्री लावली तरी मागची बाजू उघडी ठेवायला सांगा.